पहिल्यांदाच परदेशी नकाशा परिषदेला निघालात? मग आधी सड्याचं बघा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही मोरणा खोऱ्यातले, तालुका पाटण. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या तेव्हा बाहेरून मदत घेऊन आलेल्या गाड्यांना कुठली वाडी कुठल्या फाट्याला, हेच उमगत नव्हतं. तेव्हापासून तुम्ही चौघं मित्र ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा नेटवरच्या मुक्त नकाशावर, वाड्या, पायवाटा, झरे भरताय. आता येत्या सप्टेंबरात युरोपातल्या एका परिषदेत तुमचं २० मिनिटांचं भाषण मंजूर झालंय. नोकरी पतसंस्थेत, प्रवासवृत्ती मिळाली तर निम्मा खर्च निघेल, इंग्रजी ‘कामापुरतं’, आणि विमानात बसायचीही पहिलीच वेळ. जावं का, आणि गेलो तर तिथं करायचं काय, असं विचारलंय.

मी मिरजेत जमीनमोजणीची आणि जीआयएसची, म्हणजे संगणकावरच्या नकाशांची, कामं करते. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र घेऊन ऊस-द्राक्षांच्या बांधांवरून फिरण्यात २२ वर्षं गेली. ओपनस्ट्रीटमॅपवर २०११ पासून आहे. २०१८ ला बंगळुरूच्या ‘स्टेट ऑफ द मॅप एशिया’ला, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवाल्यांच्या आशियातल्या परिषदेला, मिरजेतून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या जागतिक परिषदेला जर्मनीत हायडेलबर्गला. तीच माझी पहिली परदेशवारी. त्यामुळे खाली जे सांगतेय ते बरंचसं ठेचा खाऊन शिकलेलं आहे.

तर, जा. पण कर्ज काढून जाऊ नका, आणि ‘तिकडे जाऊन काहीतरी शिकू’ एवढ्यावर तर मुळीच जाऊ नका. भाषणं सगळी रेकॉर्ड होतात आणि नंतर नेटवर फुकट बघायला मिळतात. जेओएसएम, क्यूजीआयएस ही नकाशाची सॉफ्टवेअरं कशी वापरायची, हे शिकायला लाख-सव्वा लाख खर्चून सात समुद्र ओलांडायची गरज नाही. पाटणच्या एसटी स्टँडवर बसूनही ते जमतं. तिकडे गेल्यावर जे मिळतं ते दोन भाषणांच्या मधल्या वेळात, चहाच्या टेबलाशी, संध्याकाळी नदीकाठी फिरताना. आणि ते मिळण्यासाठी एकच भांडवल लागतं. गावाकडचा एक प्रश्न, जो तुम्हाला खरोखर अडलाय. तो खिशात नसेल तर माणूस तीन दिवस गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून कॉफी पीत हिंडतो आणि फोटो काढून परत येतो. अशी माणसं मी बघितली आहेत. पहिल्या दिवशी मीही त्यांच्यातलीच होते.

प्रवासवृत्ती नाहीच मिळाली, तर नाव मागे घेऊन आशियातल्या परिषदेची वाट बघण्यात काही कमीपणा नाही. ती काठमांडूला (२०१७), बंगळुरूला (२०१८), ढाक्याला (२०१९), बँकॉकला (२०२३) झालेली आहे. नेपाळला तर आपल्याला व्हिसाच लागत नाही. आणि खरं सांगू का, आपले प्रश्न नेपाळ-फिलिपिन्सच्या लोकांना जर्मनांपेक्षा लवकर समजतात. त्यांच्याकडेही डोंगर खचतो, त्यांच्याकडेही घराला नंबर नसतो.

आता तुमच्या भाषणाकडे येते. शीर्षक तुम्ही दिलंय, ‘मुक्त नकाशाद्वारे आपत्ती व्यवस्थापन: साताऱ्याचा अनुभव’. राग मानू नका, पण हे शीर्षक जगातल्या कुठल्याही तालुक्याला चिकटवता येईल. किती इमारती आखल्या, किती किलोमीटर वाटा भरल्या, किती कार्यशाळा घेतल्या, हे आकडे तिथं प्रत्येक जण सांगतो आणि कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. पण तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: ‘सड्याला नकाशात काय म्हणायचं ते कळलं नाही, म्हणून तेवढा भाग रिकामा सोडला.’ अहो, तुमचं भाषण त्या रिकाम्या जागेत आहे!

सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्याचं सपाट पठार. तुमच्या तालुक्यात सडावाघापूरच्या नावातच तो आहे. कासचं पठार, जे पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं, तेही मुळात सडाच. चार महिने त्यावर घोटाभर पाणी, गवत, फुलं. दिवाळीनंतर उघडा कातळ. आता ओपनस्ट्रीटमॅपवर जमिनीला खूण द्यायची असते: उघडा खडक, गवताळ, झुडपी, पाणथळ यांपैकी एक काहीतरी निवडा. सडा जुलैत पाणथळ आहे आणि एप्रिलमध्ये खडक. उपग्रहाचं छायाचित्र बहुतेक वेळा कोरड्या दिवसांतलं असतं, कारण पावसाळ्यात ढगच ढग. त्यामुळे पुण्यात किंवा बर्लिनमध्ये बसून नकाशा भरणारा माणूस डोळे मिटून ‘खडक’ लिहून मोकळा होतो. वाहत्या पाण्याला ‘हंगामी’ अशी खूण आहे, भरती-ओहोटीच्या चिखलाला वेगळी खूण आहे, सड्याला नेमकी बसेल अशी नाही.

हे निव्वळ शब्दांचं कोडं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सड्यावर मुरलेलं पाणीच खाली उतारावर झरा होऊन निघतं. झरा अचानक गढूळ झाला, किंवा जिथं कधी नव्हता तिथं नवा फुटला, की म्हातारी माणसं अस्वस्थ होतात. डोंगर आतून भिजलाय, सुटायच्या बेतात आहे, याची ती खूण. सडा, त्याखालचा झरा, झऱ्याखालची वाडी, ही तीन ठिकाणं एका ओळीत दाखवणारी एकच स्लाइड करा. एका वाडीची. बाकी सगळा तालुका राहू द्या. धनगरवाड्यांचाही उल्लेख कराल तर तो एका वाक्यात करा. विखुरलेल्या चार घरांना गाव म्हणायचं की नाही, हा वाद तिथं एकदा सुरू झाला की तुमची २० मिनिटं तोच खाऊन टाकेल.

आणि शेवटच्या स्लाइडवर आभार मानू नका. तिथं प्रश्न टाका: याला तुम्ही काय म्हणाल? मग बघा, बाहेर पडल्यावर किती जण तुम्हाला गाठतात ते.

इंग्रजीची भीती मला पूर्ण माहीत आहे. सांगली हायस्कूलच्या काळापासून ती माझ्या मानगुटीवर आहे. पण एक गोष्ट तिथं गेल्यावर ध्यानात आली. सभागृहातल्या निम्म्याहून जास्त लोकांची मायबोली इंग्रजी नसते. जपानी, इटालियन, ब्राझीलचे, सेनेगलचे. त्यांनीही ते आपल्यासारखंच शाळेत पाठ केलेलं. खरी पंचाईत होते ती अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या साहेबांची, कारण त्यांचं झरझर बोलणं कुणालाच कळत नाही. तुम्ही सावकाश बोला, छोटी वाक्यं बोला, गावांची नावं स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहा. प्रश्न समजला नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणा. तिसऱ्यांदाही समजला नाही तर ‘बाहेर भेटून बोलू’ म्हणा. हे वाक्य तिथं सगळेच वापरतात. भाषण लिहून वाचू मात्र नका. घरी गुरांसमोर म्हणून बघा, पण तिथं वाचू नका.

कागदपत्रांचं पटकन उरकते. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. या उशिराच्या वाटेला जाऊच नका; निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण पंचेचाळीस दिवसांपर्यंत ताणू शकतो. एकाहून जास्त देश फिरणार असाल तर ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज. शुल्क ९० युरो, म्हणजे नऊ-साडेनऊ हजार, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंच्या संरक्षणाचा हवाच. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावा आणि दोन पानं कोरी असावीत. तुमचा नवाच आहे, तेव्हा ती काळजी नाही. आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागा, त्यावर भाषणाचा उल्लेख असू द्या. पतसंस्थेकडून रजा मंजूर असल्याचं आणि परत येऊन कामावर रुजू होणार असल्याचं पत्र घ्या. आपल्याकडच्या माणसाची खरी अडचण पुढे असते. घरचं उत्पन्न शेतीचं, त्यामुळे आयकराचं विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. तिथं सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि दोन्हींचं इंग्रजी भाषांतर जोडा. तुम्ही परत येणार, हे कागदांवरून दिसलं पाहिजे, एवढीच त्यांची चिंता असते. मुलाखतीच्या खिडकीशी ‘फिरायला जातोय’ असं तोंडातून जाऊ देऊ नका. परिषदेला जातोय, भाषण आहे, हे निमंत्रण.

माझी स्वतःची व्हिसाची तारीख पुण्याला होती, ऑगस्ट २०१९ च्या दुसऱ्या आठवड्यात. सांगली-मिरजेच्या कुणालाही हा महिना सांगितला की पुढचं सांगावं लागत नाही. महापुरात कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ साडेसत्तावन फुटांवर गेली होती. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. रस्ते बंद, वीज नाही, माझा मामा सांगलीवाडीत अडकलेला. मी गच्चीवर बसून फोनची शेवटची बॅटरी व्हिसा केंद्राला मेल पाठवण्यात घालवू की मामाला फोन करण्यात, असा विचार करत होते. मामाला केला. तारीख अर्थातच हुकली. पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता नवी तारीख मिळाली आणि निघायच्या नऊ दिवस आधी पासपोर्ट हातात आला. म्हणून तुम्हाला सांगते, सप्टेंबरात परिषद असेल तर जून संपायच्या आत व्हिसाचं उरका. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या तारखांवर कुणी भरवसा ठेवू नये.

तर अशी मी पुराचा वास अंगाला असतानाच हायडेलबर्गला पोचले. परिषद २१ ते २३ सप्टेंबर, विद्यापीठाच्या नव्या परिसरात. त्याच्या आधीचे दोन दिवस त्याच गावात ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमची परिषद होती. आपत्तीच्या वेळी मदतीसाठी नकाशे करणारी ही मंडळी २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर एकत्र आलेली. मला वाटलं, हे लोक मला सांगतील की पुराचा नकाशा कसा करायचा. पहिल्या दिवशी मी चार भाषणं ऐकली, वही भरली, दुपारी एकटीच एका बाकावर बसून डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पाच-पाच मिनिटांच्या छोट्या भाषणांसाठी फळ्यावर नावं लिहायची होती. माझं भाषण नव्हतं, तुमच्यासारखं मंजूर वगैरे तर नव्हतंच. कुठून अंगात आलं कोण जाणे, लिहिलं नाव. पाच मिनिटांत काय सांगितलं तर, आमच्या गावात नदीवर १९२९ चा दगडी पूल आहे, पाणी चढायला लागलं की अख्खं शहर एकमेकांना एकच प्रश्न विचारतं, ‘आयर्विनला किती फूट?’ आणि त्या आकड्यावरून प्रत्येक गल्लीला कळतं की आपली वेळ आली की नाही. ४० ला कुणाची, ४५ ला कुणाची. यंदा साडेसत्तावन झाले आणि ज्यांची वेळ कधीच आलेली नव्हती त्यांचीही आली. हे सगळं लोकांच्या डोक्यात आहे, नकाशात कुठंच नाही. संपलं भाषण. फूट त्यांना कळत नाहीत हे माझ्या लक्षातच नव्हतं. पुढच्या रांगेतला एक जण बोटं मोजत होता. साडेसत्तावन फूट म्हणजे साडेसतरा मीटर. तुम्ही मीटरमध्येच बोला.

टाळ्या झाल्या, खाली उतरले. बाहेर एक डच बाई माझी वाट बघत उभी. पाटबंधाऱ्याकडची इंजिनिअर असावी. तिनं फक्त एवढंच विचारलं: ‘हे साडेसतरा मीटर कुठून मोजता? शून्य कुठे आहे?’

मी गप्प.

मी सर्व्हेअर. दुसऱ्याच्या शेतात लेव्हल लावायच्या आधी ‘बेंचमार्क कुठला धरलाय?’, म्हणजे उंची कुठल्या ठरलेल्या खुणेपासून मोजायची, हा माझा पहिला प्रश्न असतो. आणि लहानपणापासून रोज ऐकलेल्या आकड्याचं शून्य कुठे आहे, हे मला माहीत नव्हतं. नदीच्या तळाशी? उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीला? समुद्रसपाटीपासून किती वर? कधी विचारच केला नव्हता. डच लोकांच्या देशाचा सुमारे चौथा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यांच्याकडे ॲम्स्टरडॅमची एक ठरलेली पातळी आहे आणि सगळ्या उंच्या तिच्यापासून मोजतात. त्या बाईला हा प्रश्न पडणं अगदी साहजिक होतं. मला तो कधी पडला नव्हता याचीच लाज वाटली.

संध्याकाळी तीच मला जुन्या पुलाकडे घेऊन गेली. नेकार नदीवरचा तो पूल १७८४ च्या पुरात बर्फाच्या लोंढ्यांनी मोडला होता, नंतर पुन्हा बांधला. पुलाजवळ दगडात जुन्या पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत, प्रत्येकीपुढे वर्ष. मी त्या खुणांसमोर उभी राहिले आणि मला आमच्या मामाच्या घरची आठवण आली. तिथं २००५ ची खूण विटकरीनं ओढलेली होती, जिन्याशेजारी. नुकत्याच झालेल्या पुरात तीही पाण्याखाली गेली होती. त्या बाईला ते फोनवर दाखवलं. ती म्हणाली, ‘मग तुमच्याकडे नकाशा आहेच की, फक्त भिंतीवर आहे.’ अर्धा तास आम्ही तिथं पुलाच्या कठड्याला टेकून बोलत होतो. गेल्या वीस वर्षांत मला एवढं कामाचं कुणी काही शिकवलेलं नाही, आणि त्या अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग कुठंही नाही.

परत आल्यावर मी आणि दोन पोरांनी पुलाच्या मोजपट्टीपासून लेव्हल फिरवायला, म्हणजे ठिकठिकाणची उंची मोजत जायला, घेतली. शनिवार-रविवारी, दुर्बिणीचं यंत्र आणि मोजपट्टीची काठी घेऊन, चौकाचौकांतून. आणि घरोघरी एकच प्रश्न विचारला: ‘तुमच्या उंबऱ्याला पाणी आयर्विनच्या किती फुटाला लागतं?’ लोक क्षणाचाही विचार न करता सांगायचे. ‘सत्तेचाळीसला पायरी, अठ्ठेचाळीसला आत.’ आम्ही लेव्हलनं काढलेला आकडा आणि आजींनी सांगितलेला आकडा, बहुतेक ठिकाणी अर्ध्या फुटाच्या आत जुळायचे. जिथं जुळले नाहीत तिथं तपासलं तर कधी आमची चूक, कधी मधल्या काळात झालेला रस्त्याचा भराव. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५४ च्या पुढे गेलं तेव्हा आमच्या यादीत असलेल्या तीन गल्ल्यांनी आपापला आकडा बघून सामान वर नेलं. तीनच गल्ल्या. शहर मोठं आहे.

हे एवढं लांबण लावलं कारण तुम्ही विचारलंत की तिथं तज्ज्ञांना काय विचारू, याची यादी द्या. यादी करू नका. तुम्ही सड्याचं सांगा आणि समोरचा काय विचारतो ते ऐका.

काही फुटकळ गोष्टी. युरोपातल्या नकाशावाल्यांना बाकडी, पोस्टाच्या पेट्या, झाडांच्या जाती भरण्याचा नाद असतो. हसू नका, त्यांच्या गावातली घरं-रस्ते केव्हाच भरून झालेत. जर्मनांचा दर महिन्याला एका ठरलेल्या हॉटेलात ठरलेल्या टेबलाशी जमण्याचा रिवाज आहे, आपल्या कट्ट्यासारखा. गप्पा नकाशाच्या आणि हातात बिअर. तुम्ही सरबत घेतलंत तरी कुणी काही म्हणत नाही. एखाद्या मोकळ्या खोलीच्या फळ्यावर विषय लिहून कुणीही बैठक बोलावू शकतं. ‘हंगामी जमीन’ असं लिहून एक खोली नक्की पकडा. मोठ्या कंपन्यांची माणसंही भेटतील, यंत्रानं ओळखलेल्या इमारती दाखवतील. त्यांना आपल्याकडची उदाहरणं द्या. आमच्या कवठेमहांकाळ-जतच्या बाजूला बेदाण्याच्या लांबच लांब शेडना यंत्रानं घरं ठरवलं होतं. तुमच्याकडे गवताच्या गंज्यांचं तेच झालं असेल. अशी चार छायाचित्रं जवळ ठेवा, ते लोक खरंच मन लावून बघतात. ज्यांना फोटो काढलेले चालत नाहीत अशांच्या गळ्यातल्या फितीचा रंग काही परिषदांत वेगळा असतो, तेवढं बघून मगच फोन काढा.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. तुमच्या पत्रात ड्रोनच्या छायाचित्रांचा उल्लेख आहे. तिकडे कुणीही गोड बोलून ‘पेनड्राइव्हवर द्या ना’ म्हणेल, त्यात वाईट हेतू नसेलही. देऊ नका. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांना नकाशाकाम करायला आधीची परवानगी लागेनाशी झाली, हे चांगलं झालं. पण आडवं १ मीटर आणि उभं ३ मीटर यापेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतीयांनीच बनवायचा, ठेवायचा आणि तो भारतातच साठवायचा, हेही त्याच सूचनांत आहे. ड्रोनचं छायाचित्र सेंटिमीटरांत असतं. स्लाइडवर लहान करून दाखवा, मूळ फाइल घरी ठेवा.

दुसरं, स्लाइडवर अख्ख्या भारताचा नकाशा टाकू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारी सीमा छापणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅप सीमा दाखवतं ती प्रत्यक्ष ताबा कुणाचा त्यावरून. तुम्हाला पाटण दाखवायचंय, मग सातारा जिल्हा दाखवा आणि कोपऱ्यात बाणानं ‘मुंबई इकडे’ असं लिहा. मुंबई सगळ्यांना माहीत असते.

खाण्याचे हाल होतात, पण मरत नाही माणूस. शाकाहारी असाल तर नोंदणी करतानाच लिहा. जाताना सोबत काय न्यायचं? तुम्ही साताऱ्याचे, त्यामुळे कंदी पेढे न्यायचा मोह होणार. नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे. विमानतळावर डबा काढून घेतील आणि वर दंडही होऊ शकतो. मी भडंग नेलं होतं, सीलबंद पाकिटातलं. जपानी मंडळींनी पहिल्या मुठीला डोळे मोठे केले आणि दुसऱ्या मुठीला पाकीटच ओढून घेतलं. भडंगाच्या त्या पाकिटावर जितक्या ओळखी झाल्या तितक्या माझ्या व्हिजिटिंग कार्डांवर झाल्या नाहीत.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात, जेट लॅग अंगात असतानाच, वाडीत जाऊन बसा. पतसंस्थेत सत्कार होईल, शाल-श्रीफळ मिळेल, तालुक्याच्या पुरवणीत फोटो येईल. ते होऊ द्या, पण वाडी आधी. तिकडे कुणी काय विचारलं ते तिथल्या म्हाताऱ्यांना सांगा. माझ्या वेळी आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना मी सांगितलं की परदेशात मला विचारलं, आयर्विनचं शून्य कुठे आहे. ते म्हणाले, ‘मला कधी विचारलंस होय?’ आणि पुढे तासभर बोलत राहिले.

तर आत्ता करायचं काम. सध्या मे चाललाय. पहिला वळीव पडायच्या आत सड्यावर जा, ओळखता येईल असा एखादा दगड निवडा, त्यावर उभं राहून चारी दिशांचे फोटो काढा आणि त्या जागेचं लोकेशन टिपून ठेवा. जुलैत, पाय ठेवायला धड जागा नसेल तेव्हा, त्याच दगडावर उभं राहून तेच चार फोटो. एकटे जाऊ नका, शेवाळावर पाय घसरतो. परिषदेला जाताना तुमच्याकडे हे आठ फोटो असले की झालं. बाकी स्लाइड मला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाठवा, मी बघून देते. त्या आठवड्यात नदीनं सवड दिली तर.